मान्य केलेला शब्द

गायरान वस्ती, वाटूरजवळ
३ डिसेंबर २०२४

चि. रेणुका,

पत्र लिहून राह्यलो म्हणून घाबरू नको. फोनच लावला असता, पर फोनवर तू "हं, हं" च्या पुढं जात न्हाईस, अन् मंग आई विचारती, "पोरगी हाय का रेंज गेली?" त्यापरीस कागद बरा. आई चार बाऱ्या वाचून घेती अन् उशाखाली ठेवती.

बातमी चांगली न्हाई. परवा तलाठी अन् कोतवाल आल्ते. दाराला नोटीस चिकटवून गेले. गायरानावर अतिक्रमण केलंय, घर काढून घ्या, न्हाई तर पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या, असं तिच्यात हाय. वस्तीवरल्या अकराही घरांना आलीय. आपली 'श्रीमती बायनाबाई इंद्रभान' म्हणून आईच्या नावानं हाय.

बाकीची दहा घरं वाटूरला कचरूकाकाकडं गेली. तेच ते, झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहिणारे. मी बी निघाल्तो. आई दारात आडवी. "माझी भाची विद्यापीठात पहिली आली, अन् मी खुलासा कचरूकडून लिहून घेऊ? लोक काय म्हणतील?" मी म्हणलं, लोक म्हणतील घर वाचलं. तर लाटणं आलं अंगावर.

तवा तू लिही. जल्दी लिही. अन् ते तू दोन वर्षं एकाच विंग्रजी शब्दावर बसलीस म्हणं, त्याचा अर्थ लागला का? आई गावात सांगती, "आमची रेणुका एका शब्दाची डॉक्टर हाय."

तुझा,
सुग्रीवदादा

*

जुना जालना
७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आत्या आणि सुग्रीवदादा यांस,
रेणुकाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. खाली कापडाच्या दुकानातून गठ्ठे उतरवले जात होते आणि मला मात्र आपले दार दिसत होते. आई-वडील गेल्यावर वयाच्या सहाव्या वर्षी मी ज्या दारातून आत आले, त्यावर सरकारी कागद चिकटला आहे, ही कल्पना मला सहन होत नाही. परंतु आपण धीर सोडू नये. खुलासा मी सिद्ध केला असून सोबत जोडला आहे.

दादाने शब्दाचा अर्थ विचारला, तो सांगते, कारण खुलाशाशी त्याचा संबंध आहे. माझ्या प्रबंधिकेचा शब्द 'ट्रान्सेन्डन्स' हा आहे. मुळात त्याचा अर्थ चढून पलीकडे जाणे. मनुष्य जेव्हा आपल्या जन्माने, देहाने, परिस्थितीने घातलेली सीमा ओलांडून तिच्या वर उठतो, तेव्हा पाश्चात्त्य तत्त्वज्ञ हा शब्द वापरतात. मराठीत त्यासाठी 'अतीतता', 'लोकोत्तरता', 'पारलौकिकता' असे पर्याय सुचवले गेले. पण ते सगळे आकाशाकडे पाहतात, त्यांत पाय नाहीत. माझ्या मार्गदर्शकांच्या जुन्या टिपणवहीत एक पर्याय सापडला आणि मी हरखून गेले. तो पर्याय म्हणजे 'अतिक्रमण'. अति म्हणजे पलीकडे, क्रम म्हणजे पाऊल. पलीकडे टाकलेले पाऊल! कचेरीने हा शब्द मळवून टाकला आहे, एवढेच.

म्हणून खुलाशाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी त्यांचाच शब्द त्यांना धुऊन परत दिला आहे :

"नोटिशीत आमच्यावर अतिक्रमणाचा ठपका ठेवला आहे. अतिक्रमण आम्ही केले आहे, हे आम्ही नाकारत नाही. मात्र ते भूमीवरील नव्हे. ज्या भटकंतीत आमच्या सात पिढ्या उघड्यावर जन्मल्या आणि उघड्यावर निवर्तल्या, त्या भटकंतीचे आम्ही अतिक्रमण केले. मनुष्य आपली मर्यादा ओलांडतो त्यास अपराध म्हणावे की उन्नती, याचा निर्णय न्यायप्रिय अधिकाऱ्यांनीच करावा."

आत्या, हे वाक्य लिहिताना मला मेंढरांमागे चालणारे इंद्रभानमामा दिसत होते. हे वाचून कोणाचेही अंतःकरण हलेल, असा मला विश्वास वाटतो. खुलासा जसाच्या तसा द्यावा. सही मी शिकवली तशीच करावी. 'बा'चा काना विसरू नये.

आपली,
रेणुका

*

गायरान वस्ती
१८ डिसेंबर २०२४

चि. रेणुका,

खुलासा दिला. पोच घेतली, शिक्का हाय. आईनं सही बराबर केली, काना बी दिला अन् वर माझ्याकडं बघून हसली.

देण्याआधी वाटूरला कचरूकाकाला सहज दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचला. "लई शिकलेली पोरगी हाय," म्हणले. आई तीन दिवस तेच सांगून राह्यली समद्यांना.

सुनावणी सहा जानेवारीला हाय, तालुक्याला, अकरा वाजता. आई म्हणती, तू ये. मी बी म्हणतो, ये. ज्यानं लिहिलं त्यानं बोलावं. मला तो तिसरा परिच्छेद वाचता येतो, सांगता येत न्हाई.

सुग्रीवदादा

*

जुना जालना
२६ डिसेंबर २०२४

ती. सुग्रीवदादा,
सादर प्रणाम.

मला अत्यंत खेद वाटतो. परंतु सहा तारखेसच विभागात माझ्या प्रबंधिकेचे पूर्वसादरीकरण ठरले आहे आणि ते टाळणे अशक्य आहे. शिवाय माझ्या येण्याने असे काय साधणार? जे सांगावयाचे ते मी कागदावर सांगितले आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला टिकतो.

साहेबांनी काही विचारल्यास आत्याने घाबरू नये. तिसरा परिच्छेद सावकाश, शब्दांच्या मध्ये थांबून म्हणून दाखवावा. 'भूमीवरील नव्हे' या शब्दांवर किंचित जोर द्यावा. आत्याकडून तेवढे दोन-तीनदा म्हणवून घ्यावे.

आपली,
रेणुका

*

गायरान वस्ती
७ जानेवारी २०२५

रेणुका,

काल जे झालं ते झालं तसं लिहितो. मागून म्हणशील दादानं तिखटमीठ लावलं.

आपला नंबर शेवटचा आल्ता. आधी दहा घरं झाली. कचरूकाकानं दहाही खुलासे एकाच साच्यात लिहिल्ते. आम्ही अमुक सालापासून राहतो, दुसरी जागा न्हाई, मोजणी करावी, मुदत मिळावी. संपलं. साहेबांनी दहाही घरांना मोजणी अन् चौकशी लावली. तवर काही होत न्हाई त्यांना.

मंग कारकुनानं आपला कागद काढला. "हे निवेदन तुमचंच ना, बाई?"

आई म्हणली, "व्हय. माझ्या भाचीनं लिव्हलंय. पहिली आलीय ती."

"अंगठा तुमचा?"

"अंगठा कशाला? सही हाय. नीट बघा की."

कारकुनानं तिसरा परिच्छेद वाचायला घेतला. 'अतिक्रमण आम्ही केले आहे, हे आम्ही नाकारत नाही' इथवर वाचलं अन् थांबला. पुढचं वाचलंच न्हाई. साहेबांकडं कागद सरकवला, बोट त्या ओळीवर.

साहेबांनी समदं वाचलं. मंग आईला विचारलं, "बाई, अतिक्रमण केलं, असं म्हणताय?"

आईनं मान ताठ केली. आठ दिवस पाठ करून राह्यल्ती. म्हणली, "व्हय साहेब, केलं. पर भूमीवरलं न्हाई. सात पिढ्यांचं केलं."

मागं कुणीतरी फिस्कन् हसलं. "सात पिढ्यांपासून अतिक्रमण! घ्या लिहून." समदी कचेरी हसली. आईला वाटलं खूश झाले. ती बी हसली.

साहेब हसले न्हाईत. माणूस वाईट न्हाई. म्हणले, "हे लिहिणारी कुठंय? तिला काय म्हणायचंय ते तोंडानं सांगू द्या. पंधरा मिनटं थांबतो, फोन लावा." मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. सात बाऱ्या लावला. तुझं सादरीकरण चालू असंल.

निकालाची नक्कल सोबत जोडतो. तू वाचशीलच, तरी एक ओळ मी लिहून दाखवतो. 'सामनेवाला क्रमांक अकरा यांनी अतिक्रमण केल्याचे लेखी व तोंडी मान्य केले असल्याने पुढील चौकशीची आवश्यकता नाही.' वीस तारखेच्या आत घर आपल्या हातानं काढायचं. न्हाई तर एकवीसला घर पाडायचं मशीन.

वर अपील होतं म्हणं. माझं डोकं चालंना.

सुग्रीव

*

जुना जालना
१० जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्या, ती. दादा,

हे पत्र मी पाच वेळा लिहिले आणि फाडले. प्रत्येक वेळी वाक्ये सुंदर होऊ लागत होती आणि मला त्यांची किळस येत होती.

सहा तारखेस कोणतेही सादरीकरण नव्हते. ते तीन दिवसांनी, काल होते. मी खोटे लिहिले. सहा तारखेस मी ग्रंथालयाच्या मागच्या टेबलाशी बसले होते आणि फोन माझ्या हातात होता. सातही वेळा तो माझ्या तळहातात थरथरला. पडद्यावर 'दादा' असे दिसत होते. मला कळत होते की उचलले तर कोणीतरी अनोळखी, मोठ्या आवाजाचा पुरुष मला म्हणेल, बोला. मी शाळेत पहिली आले, तेव्हा व्यासपीठावर दोन शब्द बोलायला सांगितले आणि मी पाच मिनिटे उभी राहून खाली उतरले, हे तुम्हांला आठवत असेल. तेव्हा सगळे कौतुकाने हसले होते. मुलगी किती लाजाळू, म्हणाले. त्या लाजेची किंमत एक घर असेल, असे कोणाला वाटले नव्हते.

काल प्रबंधिका सादर करायला गेले. फळ्यावर शब्द लिहिला, 'अतिक्रमण', आणि पुढे हात चालेना. सरांनी विचारले, "पर्याय बदलायचा आहे का?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठाऊक नाही. मी दोन वर्षे लिहीत आले की मनुष्य सीमा ओलांडून वर उठतो. मला एवढे साधे दिसले नाही की ओलांडणाऱ्याच्या पायाखाली आधी जमीन असावी लागते. ज्याला उभे राहायलाच जागा नाही, त्याचे पहिले पाऊलही दुसऱ्याच्या हद्दीत पडते. ग्रंथांत त्याला उत्कर्ष म्हणतात. कचेरीत त्यावर मशीन येते. आणि कचेरीने शब्द मळवला नव्हता, आत्या. कचेरीला त्याचा अर्थ माझ्यापेक्षा नीट माहीत होता.

अपील कचरूकाकांकडून लिहून घ्यावे. मी पाया पडते. माझ्याकडून एक अक्षरही घेऊ नये. मी आता ज्याला हात लावीन ते पडेल.

मला क्षमा मागण्याचाही अधिकार नाही.

रेणुका

*

गायरान वस्ती
१४ जानेवारी २०२५

(आई सांगती तसं लिहितो. मधी बोलायचं न्हाई, असं तिनं बजावलंय. सुग्रीव.)

रेणे,

तुझं पत्र सुग्यानं वाचलं. अर्ध्यात तो उठून भाईर गेला, म्हणून बाकीचं शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. लई अवघड लिहिती गं तू. रडायचं बी अवघड करून लिहिती.

आता माझं ऐक. तुला एक सांगितलं न्हाई. कचरूनं कागद वाचला तवाच म्हणला व्हता, "बाई, ही एक ओळ काढा. बाकी समदं ठेवा. ही ओळ गळ्यात येईल." सुग्या म्हणला, काढू. मीच न्हाई म्हणले. मी म्हणले, "माझ्या पोरीनं लिव्हलेलं कापायचं न्हाई. तू किती शिकला रे, कचरू?" मीच सुग्याला म्हणले, हे तिला कळवू नको, तिला वाईट वाटंल. तवा ह्या घराचा निम्मा जीव मी घेतलाय. तू एकटीनंच घ्यायची हाव धरू नको.

मला वाटलं, आपल्या घरात एवढा भारी शब्द आलाय, तो कचेरीत मिरवावा. दहा बायांच्या कागदात न्हाई असा शब्द. मला त्याचा अर्थ कळला नव्हता, खरं सांगते. पर तू लिव्हलाय म्हणल्यावर तो चांगलाच असणार. तुझ्या मामानं मेंढरं इकली, चार खांब रवले, अन् पहिल्या दिशी आत पाय पसरून झोपला. म्हणला, "बायने, आता ऊठ म्हणणारं कुणी न्हाई." तू लिव्हलेलं हेच असंल, असं मी धरून चालले.

परवा लाईट तोडून गेले. सुग्याचा फोन बंद हाय, चार्ज कराया वाटूरला जावं लागतं. काल सुग्या पत्रे काढाया वर चढला. मशीननं पत्रे चेपतात, आधी काढले तर वाचतील, म्हणतो. मी शिडी काढून घेतली. दुपारपातूर वर बसला, मंग शिडी लावली तवा उतरून माझे पाय धरले.

कचरू अपील लिहून राह्यला. पर तो म्हणतो, ती ओळ कागदावर हाय, ती आता पुसत न्हाई. लिव्हणारीनं उभं राहून सांगितलं तर साहेब ऐकतील. अन् जुना पुरावा पाहिजे, हे घर किती सालापासून हाय त्याचा. आपल्याकडं काय हाय? माझ्याकडं तर माझ्या लग्नाची बी तारीख न्हाई.

आता पत्र लिहू नको. ये.

बायनाबाई

(सही तिचीच हाय. काना नीट दिलाय. सुग्रीव.)

*

तालुक्याची कचेरी, व्हरांडा
२१ जानेवारी २०२५, दुपारी सव्वा दोन

आत्या, दादा,

हा कागद कचरूकाका मोटरसायकलवर घेऊन येत आहेत. मी इथे नकलेसाठी थांबले आहे. दादाचा फोन बंद आहे.

आधी महत्त्वाचे. वरच्या साहेबांनी अपिलात स्थगिती दिली आहे. बारा फेब्रुवारीपर्यंत. तोंडी दिली आहे. कागद टाइप व्हायचा आहे. टाइप करणारे जेवायला गेले आहेत. मशीन सकाळीच वाटूरला येऊन उभे आहे, असे इथे कळले. साहेबांनी मंडळ अधिकाऱ्यांना फोन करायला सांगितले. फोन लागत नाही. ते पुन्हा लावत आहेत.

पुरावा मिळाला. मी काल जालन्याहून थेट शाळेत गेले होते, मग अपिलाच्या तयारीसाठी रात्री कचरूकाकांकडेच थांबले. पहिलीच्या दाखल रजिस्टरमध्ये २००७ साली माझ्या नावापुढे पत्ता आहे, 'गायरान वस्ती, बायनाबाई इंद्रभान यांचे घर'. मास्तरांनी तेव्हा लिहिला होता. उतारा घेतला. तो दिला.

साहेबांनी माझे नाव पुकारले तेव्हा मला आवाज फुटला नाही. दोनदा विचारले. कचरूकाकांनी पाण्याचा पेला पुढे केला, माझ्या हातून तो टेबलावर सांडला. कागद भिजले. मी पदराने पुसू लागले. साहेब म्हणाले, "राहू द्या. ही ओळ तुम्ही लिहिली?"

मी म्हणाले, "हो."

"म्हणजे काय म्हणायचंय? अतिक्रमण आहे की नाही?"

मला उत्तर पाठ होते. काकांनी रात्री घोकून घेतले होते. ते आठवले नाही. मी म्हणाले, "आहे. घर गायरानावर आहे. जागा आमची नाही."

काकांनी डोळे मिटले.

"मग तुम्ही वेगळं काय सांगताय?"

"दुसरीकडे जायला जागा नाही," मी म्हणाले. "एवढंच. बाकीचं मी उगाच लिहिलं होतं."

त्यांनी उतारा वाचला. मग विचारले, "बाकी दहा घरांना चौकशी आणि यांना का नाही?" मग त्यांनी तारीख दिली. बारा फेब्रुवारीला काय होईल ते मला माहीत नाही. काकाही सांगत नाहीत.

टाइप करणारे अजून आलेले नाहीत. मी दाराशीच उभी आहे. तीनदा आत जाऊन विचारले. कारकून म्हणाले, "बाई, किती घाई करता?" मी म्हणाले, "मशीन वाटूरला येऊन उभे आहे." त्यांनी मान खाली घातली. मी पुन्हा विचारणार आहे.

शिक्का बसला की मिळेल त्या गाडीने निघते.

हा कागद कोणाला दाखवू नका. यावर शिक्का नाही, त्याचा उपयोग होणार नाही. मशीन आले तर भांडू नका, शिव्या देऊ नका. काकांना बोलू द्या. स्थगिती आहे, कागद येतो आहे, एवढेच ते सांगतील. दादा, तू वर चढू नकोस. पत्र्याला हात लावू नकोस. एक पत्रा जरी काढलेला दिसला, तरी म्हणतील, यांनी आपणहून सोडले.

आत्या, तू उंबऱ्याबाहेर येऊ नकोस. बाहेर उभ्या माणसाला बाजूला करता येते. आत बस. कोणी कितीही गोड बोलून बाहेर बोलावले, सही करायला बोलावले, तरी उठू नकोस. मी येईपर्यंत आत बस.

रेणुका